गोडसे भटजींनी झाशी कशी पाहिली?

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना जिथे अडखळलो, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.)

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाला, दादा, मी राजस्थानला जाऊन आलो. हॉटेलात रात्री लोकनृत्य होतं, उंटावर बसलो, पगडी घालून फोटो काढला. सगळं छान होतं, पण परत येताना ट्रेनमध्ये वाटलं की आपण राजस्थान पाहिलंच नाही. कुणीतरी आपल्यासाठी लावलेलं राजस्थान पाहिलं. मग खरं गाव, अस्सल गाव बघायचं कसं?

प्रश्न चांगला आहे आणि मुळीच नवा नाही. ५ जुलै १८४१ला इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या एका माणसाने सुमारे पाचशे जणांना रेल्वेने लेस्टरहून लफबरोला नेलं. दारूबंदीची सभा होती, तिकीट होतं माणशी एक शिलिंग. आजच्या टूर पॅकेजचा उगम तिथे सांगतात. त्याच दशकात जर्मनीत बेडेकरच्या प्रवास-पुस्तकांत महत्त्वाच्या जागांपुढे तारे छापायला सुरुवात झाली. म्हणजे आपलं स्टार रेटिंग तेव्हापासूनचं. आणि गंमत बघा, टूर निघाल्या तशी लगेच टूरवाल्यांना हसणारी माणसंही निघाली. आम्ही प्रवासी, ते पर्यटक. आम्ही खरं बघतो, ते तारे मोजतात. १९७३मध्ये डीन मॅककॅनेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने यावर एक बोचरी गोष्ट मांडली. तो म्हणाला, पर्यटकाला पडद्यामागचं बघायचं असतं हे आता सगळ्यांना कळलंय, त्यामुळे पडद्यामागचं म्हणून जे दाखवतात तोही एक रंगमंचच असतो. 'आमच्या घरी येऊन आजीच्या हातचं जेवा' हेसुद्धा पॅकेजमध्येच मिळतं, नाही का?

पण आज मला युरोपात नाही जायचं. पेणला जायचंय. पेण तालुक्यातलं वरसई नावाचं गाव. तिथल्या एका माणसाकडे या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. त्याने उत्तर म्हणून दिलेलं नाही, त्याला तर हा प्रश्नच पडला नव्हता.

त्याचं नाव विष्णुभट गोडसे. जन्म १८२७चा. घरची स्थिती बेताची, डोक्यावर कर्ज, व्यवसाय भिक्षुकी. १८५७च्या सुरुवातीला बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत. यज्ञ म्हणजे दक्षिणा, आणि दक्षिणा म्हणजे कर्ज फिटण्याची शक्यता. विष्णुभट आणि त्यांचे चुलते रामभट निघाले. कशाने? पायी! मुंबई ते ठाणे रेल्वे १८५३ला सुरू झाली होती खरी, पण बोरघाटातून गाडी जायला १८६३ उजाडलं. उत्तरेकडे जाणाऱ्या गरीब भटजीसाठी पाय हेच वाहन.

पुढे काय झालं ते तुम्ही तारखेवरून ओळखलं असेल. सातपुडा ओलांडून महूच्या बाजूला पोचेपर्यंत छावणीतले शिपायी सांगू लागले की मोठं बंड होणार आहे. आणि ते झालं. यज्ञ राहिला बाजूला. आपले भटजी १८५७च्या मधोमध सापडले, आणि फिरत फिरत झाशीला पोचले. राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीला. मार्च-एप्रिल १८५८मध्ये सर ह्यू रोजने वेढा घातला तेव्हा ते तटाच्या आत होते.

सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सगळं लिहून काढलं. पुस्तक छापलं गेलं थेट १९०७मध्ये, बंडाला पन्नास वर्षं झाल्यावर. लिहिणारे तेव्हा हयात नव्हते. पुस्तकाचं नाव 'माझा प्रवास'. शाळेत नाव ऐकलं असेल. बहुतेकांनी तेवढंच ऐकलेलं असतं.

आता जरा आजच्या झाशीकडे येऊ. तुमच्यापैकी किती जण झाशीला उतरलेत? स्टेशनवर पुष्कळ जण उतरतात, पण ओरछा किंवा खजुराहोला जायला. जे झाशीत थांबतात ते किल्ला बघतात. मीही बघितला. कडक बिजली तोफ बघितली, गुलाम गौस खानाची कबर बघितली, आणि मग तटावरच्या त्या जागी गेलो जिथे सगळे थांबतात. राणीने दामोदरला पाठीशी बांधून घोड्यासकट उडी मारली ती जागा. मी खाली वाकून बघितलं. माझ्या शेजारच्या काकांनीही बघितलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खाली इतकं खोल आहे की घोडा कसा वाचला असेल हा प्रश्न कुणालाही पडेल. पण कुणी विचारत नाही. फोटो काढतात. मीही काढला.

गोडसे भटजींच्या हकीकतीत ही उडी नाही. तिथे राणी रात्री घोड्यावर बसते, मूल पाठीशी बांधलेलं, बरोबर निवडक स्वार, आणि शहरातून उत्तरेच्या दरवाज्याकडे निघते. शत्रूचा वेढा, चहूकडे आगी, आणि त्यातून ती वाट काढते. इंग्रजांच्या बाजूच्या हकीकतीही भांडेरी दरवाज्याकडेच बोट दाखवतात. मला विचाराल तर हे त्या उडीपेक्षा कितीतरी जास्त धाडसाचं आहे. उडी एका क्षणाची असते. इथे अर्धवट पडलेल्या शहराच्या गल्ल्यांतून, कुठल्याही वळणावर गोळी येऊ शकते अशा अंधारात, पाठीवर लहान मूल घेऊन जायचं होतं. पण गल्लीला पाटी लावता येत नाही. तटावरच्या एका जागेला येते.

म्हणजे बघा, झाशीत जायचं, किल्ल्याचं तिकीट काढायचं, आणि जी जागा सगळ्यात 'अस्सल' म्हणून दाखवतात तिथेच गोष्ट सगळ्यात पातळ असते. आणि खरी जागा, तो भांडेरी दरवाजा, शहराच्या रोजच्या गर्दीत.

मग भटजींनी झाशी कशी पाहिली?

पहिली गोष्ट, त्यांना तिथे काम होतं. हे वाक्य साधं वाटेल, पण यात बरंच काही आहे. त्यांना दक्षिणा हवी होती, राहायला ओसरी हवी होती, जेवायला पंगत हवी होती. म्हणून त्यांना विचारावं लागलं. कोण कुठला, कुणाकडे आश्रय मिळेल, राजवाड्यात कुणाची ओळख आहे, कोणत्या वाड्यात कुणाचं चालतं. गरज असलेला माणूस गावाचा नकाशा फार लवकर शिकतो, आणि तो नकाशा रस्त्यांचा नसतो, माणसांचा असतो. आपण हॉटेल बुक करून जातो, गाडी सांगून ठेवतो, जेवणाचे रिव्ह्यू वाचून ठेवतो. कुणाला काहीही विचारायची गरज राहू नये याचीच आपण तयारी केलेली असते. आणि मग म्हणतो, तिथली माणसं भेटली नाहीत.

दुसरं, झाशी त्यांना परकी नव्हती आणि आपलीही नव्हती. आपण विसरतो, पण झाशी हे बुंदेलखंडातलं अर्धं मराठी शहर होतं. किल्ला मुळात ओरछाच्या बीरसिंह देवांचा, १६१३चा. पण १७४०च्या दशकात पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर तिथे गेले. त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवलं, मराठी घराणी आणली. नाशिककरांनो, हो, तेच. गोदाकाठच्या नारोशंकराच्या घंटेचे नारोशंकर. त्यांच्यानंतर पुढे नेवाळकर आले, मूळचे लांजा तालुक्यातल्या कोट गावचे. म्हणजे कोकणातून गेलेला भटजी कोकणातूनच वर गेलेल्या घराण्याच्या दारात उभा होता. त्याच्या कानावर ओळखीची भाषा पडत होती, पण पाणी, हवा, बाजार, बोलण्याची रीत सगळं वेगळं. मला वाटतं, अशा अर्ध्या ओळखीच्या गावात माणसाला सगळ्यात जास्त दिसतं. सगळंच परकं असलं की आपण फक्त चकित होतो. सगळंच ओळखीचं असलं की आपण बघतच नाही.

म्हणून त्यांना काय दिसलं बघा. राणीची दिनचर्या दिसली. पहाटेचा व्यायाम, जोर, मल्लखांब, घोडा. मग स्नान, पूजा, मग दरबार. दरबारात कधी पुरुषी वेष: पायजमा, अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि वर फेटा, कमरेला तलवार. अंगावर दागिने मोजकेच, कारण नवरा गेलेला. हे कुठल्या शिलालेखात नाही. हे वाड्यात येणं-जाणं असलेल्या माणसाने बघितलेलं आहे, आणि भिक्षुक असल्यामुळे कपडे, दागिने, दान यांच्यावर त्याची नजर बारीक आहे. तो दक्षिणेचाही हिशेब ठेवतो, थोडं हसू येतं वाचताना, पण त्या हिशेबामुळेच आपल्याला कळतं की कुठे काय मिळत होतं.

आणि मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. १८५८चा चैत्र. इंग्रज फौज चालून येतेय, सगळ्यांना माहीत आहे. आणि शहरातल्या बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो. आपल्याला वाटतं युद्ध म्हणजे सगळं बंद. तसं नसतं. तोफा येणार म्हणून चैत्र थांबत नाही. हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीतही येणार नाही, कारण लढाईच्या निकालावर त्याचा काही परिणाम नाही. पण झाशी म्हणजे काय होतं हे मला त्या हळदीकुंकवातून जितकं कळलं तितकं तोफांच्या संख्येवरून नाही कळलं.

आता थोडं कठीण. हा भाग ऐकताना कुणाला त्रास होत असेल तर दोन परिच्छेद पुढे जा.

तात्या टोपे मदतीला आले, १ एप्रिलला बेतवाकाठी त्यांचा पराभव झाला, आणि दोन दिवसांनी इंग्रज तटावरून आत घुसले. पुढचं भटजींनी लिहिलं आहे ते वाचवत नाही. सरसकट कत्तल. त्यासाठी त्यांनी वापरलेला शब्द आहे 'बिजन'. ते स्वतः लपून बसलेले. गल्ल्यांत प्रेतं, आगी लागलेल्या, विहिरींत माणसं. मग लूट, आणि लुटीचीही एक शिस्त: आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, धान्य. घर टप्प्याटप्प्याने रिकामं होतं. वर्षभर जमवलेली भटजींची कमाईही त्यात गेली. कर्ज फेडायला निघालेला माणूस रिकाम्या हाताने उभा राहिला.

राजवाड्यातल्या ग्रंथालयाचा नाश झाला त्याचं त्यांना किती वाईट वाटलं, तेही त्यांनी लिहिलंय. मी यावर बराच विचार केला. माणसं मरत असताना पुस्तकांचं दुःख? पण तो वेदविद्येवर पोट भरणारा माणूस आहे. पोथी म्हणजे त्याच्यासाठी कुणाच्या तरी हातांनी वर्षानुवर्षं केलेलं काम. शहर म्हणजे काय काय असतं आणि जाताना काय काय जातं, याची त्याची यादी आपल्या यादीपेक्षा लांब आहे.

आपण 'अस्सल अनुभव' हा शब्द फार हलक्याने वापरतो, असं मला इथे वाटतं. अस्सल झाशी त्या माणसाला मिळाली, आणि ती त्याने मागितली नव्हती. जमलं असतं तर तो दुसऱ्या दिवशीच निघून गेला असता. त्या गावाचं जे होईल ते त्याचंही होणार होतं, इतका तो आत होता. आपण कुठेही गेलो तरी परतीचं तिकीट खिशात असतं. ते असावंच! मी काही तुम्हाला वेढ्यात अडका असं सांगत नाहीये. पण तिकीट खिशात ठेवून, हे सगळं मलाही लागू आहे असं समजणं, यात थोडी फसवणूक आहे. स्वतःचीच.

झाशीतून सुटल्यावर काल्पीच्या बाजूला, एका विहिरीजवळ, त्यांना पुन्हा राणी भेटते. धुळीने भरलेली, थकलेली, बरोबर मोजके स्वार. तिला तहान लागलेली असते. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात. ती नको म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी शेंदू नका, आणि स्वतः शेंदते, मातीच्या मडक्यातून ओंजळीने पिते. बस, एवढंच. या प्रसंगाचं ना स्मारक आहे ना पाटी. ती विहीर कुठली हे कुणी दाखवत नाही, आणि मला वाटतं बरं आहे.

आता दुसरी बाजू. भटजी मला आवडतात म्हणून त्यांना सगळं दिसलं असं मी म्हणणार नाही. ते उतरायचे ती घरं बहुतेक एकाच जातीची. जेवायचे ती पंगत एकाच प्रकारची. झाशीत विणकर होते, तोफा चालवणारे पठाण होते, बाजारात कष्ट करणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या घरांच्या आत भटजींची नजर जात नाही, कारण त्यांचं पाऊलच तिथे जात नाही. त्यातल्या एखाद्या घरातून कुणी लिहिलं असतं तर दुसरीच झाशी आपल्याकडे असती. शिवाय पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेलं आहे, आणि ऐकलेलं व पाहिलेलं कधी कधी एकात मिसळतं. तारखा, आकडे यांसाठी हे पुस्तक जपून वापरावं लागतं.

आणि आता शेवटची गंमत, जी मला स्वतःला उशिरा कळली. आपण पिढ्यान् पिढ्या जे 'माझा प्रवास' वाचत आलो, ते पूर्ण भटजींचं नाहीच! वैद्यांनी छापताना भाषा सावरली, काही भाग गाळला, काही ठिकाणी आपला हात फिरवला. त्यांच्या बाजूने विचार केला तर समजतं: इंग्रजांचं राज्य, विषय बंडाचा, आणि छापील मराठी कशी असावी याच्या त्या काळातल्या कल्पना. पण परिणाम काय? 'अस्सल हकीकत' म्हणून जे आपल्या हातात होतं, तेही कुणीतरी वाचकांसाठी आवरून ठेवलेलं होतं. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात तसं. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं, आणि दत्तो वामन पोतदारांनी ते छापलं १९६६मध्ये. म्हणजे भटजींनी लिहिल्यावर त्र्याऐंशी वर्षांनी त्यांचा स्वतःचा आवाज छापून आला. वाचायला जरा खडबडीत आहे. वाक्यं लांब, शब्द जुने, मध्येच भलतीकडे वळणारी. पण मिळाली तर हीच प्रत वाचा. वाचनालयात विचारा, ग्रंथपालांना 'पोतदारांची' म्हटलं की कळतं.

ज्या मित्राने व्हॉइस मेसेज पाठवला त्याला मी एवढंच सांगेन: पुढच्या वेळी कुठेही जाशील तेव्हा एखादं काम घेऊन जा. खोटं नाही, खरं काम. आजीच्या माहेरचं घर शोधायचंय, एखाद्या वाद्याचा सुटा भाग आणायचाय, लुगडं जिथे विणतात तिथूनच घ्यायचंय, कुणाचं तरी पत्र पोचवायचंय. मी झाशीला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा भांडेरी दरवाजा शोधायचा एवढंच काम ठेवलं होतं. चार जणांना विचारलं. दोघांनी किल्ल्याकडे पाठवलं, बाहेरचा माणूस म्हणजे किल्लाच बघणार म्हणून. तिसरे एक चाचा दुकान पोराच्या हवाली करून अर्ध्या वाटेपर्यंत सोबत आले, आणि वाटेत त्यांनी मला झाशीबद्दल काही नाही विचारलं, कोकणात पाऊस खरंच चार महिने न थांबता पडतो का, हे विचारलं. दरवाज्याशी पोचलो तेव्हा तिथे बघण्यासारखं फारसं नव्हतं. एक रिक्षा उभी होती, भाजीची गाडी होती. मी थोडा वेळ उभा राहिलो.

भटजी दोन वर्षांहून जास्त काळाने घरी परतले. मधल्या काळात चित्रकूट, काशी झाली. पैसे जवळजवळ सगळे गेलेले. पण काशीहून निघताना त्यांनी एक काम अंगावर घेतलं: गंगेच्या पाण्याची कावड. आईवडिलांना काशीला नेणं जमण्यासारखं नव्हतं, तर गंगा घरी न्यायची. खांद्यावर कावड घेऊन हा माणूस, अजून शांत न झालेल्या मुलखातून, पायी वरसईला आला आणि त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातलं.

पुढच्या भागात आपण नारोशंकराच्या घंटेबद्दल बोलणार आहोत, वसईहून ती नाशिकला कशी आली ते. नाशिककरांनो, घंटेचा आवाज रेकॉर्ड करून पाठवता आला तर पाठवा, एपिसोडमध्ये लावू. भेटू.